तिच्या आवडीचं काहीतरी

"आता पथ्य राहू द्या. त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा काटेसाहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि खिशातली डायरी काढून ते लिहूनही घेतलं. पथ्य संपलं, म्हणजे प्रकृती सुधारली, असा त्यांनी सरळ हिशेब केला. शेजारी बसलेल्या सुनेने मात्र फक्त सासूचा हात हातात घेतला. काटेसाहेबांना वाटलं, सुनेलाही आनंद झाला असावा.

बाहेर येऊन त्यांनी बायकोला बाकावर बसवलं, सुनेला तिच्याजवळ ठेवलं आणि स्वतः औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. पुढे चार माणसं होती. ती तीन झाली, दोन झाली, आणि पुढे एकच माणूस उरला असताना काटेसाहेबांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. बायकोला काय आवडतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण काटेसाहेबांसाठी ही बेअब्रूची गोष्ट होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात, शेवटची काही वर्षं सोडली तर, घरातली सगळी खरेदी त्यांनी केली होती. त्यांनी म्हणजे त्यांनीच. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात ते तपासनीस होते, तराजूच्या काट्यावरून त्यांना काटेसाहेब हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. अशा माणसाने भाजी आणायला दुसऱ्या कुणाला पाठवावं, हे शक्यच नव्हतं. ते बाजारात शिरले, की अर्धे विक्रेते पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला लागत. आठवड्यातून तीनदा दोन पिशव्या भरून ते घरी येत आणि दारातूनच आज काय काय मिळालं ते जाहीर करत. ऑफिसातही ते अभिमानाने सांगत, की आमच्या घरी स्वयंपाकघर बायकोचं, पण पिशवी माझी.

त्यांच्या वडिलांची पद्धत वेगळी होती. ते वर्षाची खरेदी एकदाच करत. धान्याची पोती, डाळींची पिंपं, तेलाचे डबे घरात येऊन पडले, की पुढचे बारा महिने आत काय शिजतं याच्याशी त्यांचा संबंध फक्त ताटापुरता. काटेसाहेबांनी पोत्यांची पिशवी केली. आणि त्यांच्या मुलाने पिशवीही काढून टाकून नुसता अंगठा ठेवला. घरात आता खरेदी फोनवर व्हायची. मुलगा महिन्यातले वीस दिवस कामासाठी परगावी असायचा, पण तिथूनही अंगठा दाबायचा आणि इथे दहा मिनिटांत दारात कांदे यायचे. काटेसाहेब ते कांदे हातावर तोलून बघत आणि सुस्कारा सोडत.

खाणंही तसंच बदललं होतं. वडिलांच्या घरी आधी पुरुष जेवत आणि मागून बायका, उरेल ते. काटेसाहेबांनी सुधारणा म्हणून टेबल आणलं. रात्री साडेआठला सगळे एकदम, आणि सगळ्यांना एकच भाजी. आता मुलगा उकडलेली अंडी मोजून खायचा, तीही पिवळं काढून. सून मोठ्या वाडग्यात कच्चा पाला घेऊन लॅपटॉपसमोर बसायची. नऊ वर्षांच्या नातीने पांढऱ्या रंगाशिवाय काही खायचं नाही असं ठरवलं होतं; भात, दही आणि पावाचा मधला भाग. एका छपराखाली चार खाणावळी चालल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत कुणाला काय आवडतं हे लख्ख कळत होतं. कळत नव्हतं ते एकीचंच.

सरळ बायकोला विचारावं, हा मार्ग होता. पण एकेचाळीस वर्षांनंतर "तुला काय आवडतं गं?" असं विचारणं म्हणजे इतकी वर्षं आपल्याला पत्ता नव्हता, याची लेखी कबुली देण्यासारखं होतं. काटेसाहेबांनी आयुष्यात शेकडो लोकांकडून लेखी कबुल्या घेतल्या होत्या. द्यायची सवय नव्हती.

म्हणून त्यांनी सल्ला घेतला. समोरच्या दारात राहणारे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, की प्रश्नपत्रिका काढा. वहिनींना न कळता गप्पांच्या ओघात विचारायची, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्यांनी नमुना म्हणून दहा प्रश्न काढूनही दिले. त्यातला तिसरा प्रश्न 'खालीलपैकी कोणती भाजी आपणांस गटात न बसणारी वाटते?' असा होता. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, की हे सगळं थोतांड आहे, माणूस आवडीचं ताटात शेवटी ठेवतो, तेवढं बघा. हे काटेसाहेबांना शास्त्रीय वाटलं. तीन दिवस ते जेवताना बायकोच्या ताटाकडे टक लावून बसले. तिच्या ताटात शेवटी सगळंच उरत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी जुन्या दोन पिशव्या काढल्या आणि बाजाराची वाट धरली. बाजारात आपल्याला आठवेल, अशी त्यांची कल्पना होती. हात भाजीला लागला, की डोकं आपोआप चालेल. पण बाजाराच्या जागी गाड्या लावायची चार मजली इमारत उभी होती. ज्या कोपऱ्यात पालेभाज्यांचे ढीग असत, तिथून एक माणूस शिट्टी वाजवत मोटारी मागे घेत होता. काटेसाहेब बराच वेळ दोन रिकाम्या पिशव्या घेऊन तिथे उभे राहिले. शेवटी त्या माणसाने त्यांना विचारलं, की तुमची गाडी कुठली.

मागच्या गल्लीत त्यांना त्यांची जुनी भाजीवाली सापडली. तिच्या सुनेने काचेचं दार असलेलं छोटं दुकान टाकलं होतं आणि म्हातारी आत खुर्चीवर नुसती बसून होती. काटेसाहेबांना बघताच सवयीने तिचा हात वजनकाट्यावर गेला. मग दोघंही हसली. काटेसाहेबांनी आडून आडून विषय काढला. आमच्याकडे काय जास्त खपायचं, आठवतं का?

म्हातारीला सगळं आठवत होतं. लाल भोपळा, ती म्हणाली. लाल भोपळ्याशिवाय तुम्ही कधी गेला नाहीत. फोड कापून द्यायला सांगायचात आणि म्हणायचात, घरी आवडतो.

काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. पण म्हातारी पुढे म्हणाली, "घरी कुणाला, ते मात्र कधी बोलला नाहीत. बाईंना तर मी पाहिलंच नाही. त्यांना एकदा तरी आणायचं होतं."

हे शेवटचं वाक्य काटेसाहेबांनी कानाआड केलं. भोपळा हे उत्तर त्यांना मिळालं होतं आणि ते त्यांना पुरत होतं. दुकानात नेमका तो नव्हता. तेव्हा त्यांनी नाइलाजाने फोनला शरण जायचं ठरवलं. सुनेने त्यांच्या फोनवर घरचंच खातं जोडून दिलं, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि ती मीटिंगला गेली.

इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यायला हवा. काटेसाहेबांच्या काळात लाल भोपळा अख्खा कुणी विकत घेत नसे. भोपळ्याची फोड मिळे. त्यामुळे पडद्यावर 'लाल भोपळा, नग' असं दिसल्यावर नग म्हणजे फोड, असा अर्थ त्यांनी लावला. घरातली पाच माणसं आणि एक जास्तीची असावी, म्हणून त्यांनी सहा आकडा दाबला. सेवेत असताना 'नग' या शब्दाच्या संदिग्ध वापराबद्दल त्यांनी स्वतः दोन परिपत्रकं काढली होती. हे त्यांना नंतर आठवलं.

दहा मिनिटांत दोन माणसं घामाघूम होऊन सहा अख्खे भोपळे दारात ठेवून गेली. काटेसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकेकाचं वजन करून बेरीज केली. एकतीस किलो. वजन अचूक होतं, त्यामुळे त्यांना भांडायलाही जागा उरली नाही.

परत करण्यासाठी त्यांनी फोनवर तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला. तिथे विचारलं, माल खराब आहे का? नाही. माल कमी आला का? नाही. चुकीचा माल आला का? नाही. माल फार आला, असा पर्याय नव्हता. काटेसाहेबांनी आपली बाजू मांडणारा सव्वीस ओळींचा मजकूर टाइप करून पाठवला. लगेच उत्तर आलं, 'आपल्या आनंदात आमचा आनंद आहे.' त्यांनी दुसरं पत्र पाठवलं. पुन्हा तेच आलं. इतका आनंद त्यांना नोकरीच्या सगळ्या वर्षांत मिळून कुणी कळवला नव्हता.

भोपळे जिन्यात ठेवले, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, की आणीबाणीच्या प्रसंगी फळभाज्यांमुळे रहिवाशांच्या सुटकेस अडथळा येऊ शकतो. मग काटेसाहेबांनी एक भोपळा घरात ठेवला आणि उरलेले पाच कापून इमारतीतल्या घरांत वाटून टाकले. ही सगळ्यात मोठी चूक झाली. काकूंना बरं नाही आणि त्यांना भोपळा आवडतो, हे इमारतभर झालं. दोन दिवसांत चौदा घरांतून झाकलेल्या वाट्या यायला लागल्या. उकडलेला, किसलेला, तळलेला, वाटलेला भोपळा. मावशींनी सूप आणलं. हेडमास्तरांच्या मंडळींनी केक केला. वाटलेले पाचही भोपळे शिजून घरी परत आले. सून ऑफिसचा फोन कानाला लावून वाट्या रिकाम्या करत होती आणि कुठली वाटी कुणाची, याच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. नातीने सगळं एकदा बघितलं आणि हे पिवळं आहे म्हणून दार लावून घेतलं.

बायकोने मात्र प्रत्येक वाटीतलं चमचाभर खाल्लं. शेजाऱ्यांचं मन मोडू नये म्हणून. आणि प्रत्येक वेळी म्हणाली, छान झालंय. काटेसाहेबांनी डायरीत लिहिलं, 'भोपळा. चौदा चमचे.'

पण पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या काट्याने तिचं वजन सहाशे ग्रॅमने कमी दाखवलं. चव्वेचाळीसवरून त्रेचाळीस किलो चारशे.

काटेसाहेबांना हे मान्य होईना. चौदा चमचे खाऊन वजन कमी कसं होईल? त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. ते काट्याजवळ गेले, गुडघे टेकून खाली वाकले आणि त्यांना हवं ते सापडलं. पडताळणीची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. त्यांच्या जिवात जीव आला. बायको खंगत नव्हती. काटा खोटा होता.

त्यांनी काउंटरवर पडताळणीचा दाखला मागितला. काउंटरने त्यांना प्रशासनाकडे पाठवलं. प्रशासनाने विचारलं, आपण रुग्ण की रुग्णाचे नातेवाईक? काटेसाहेब म्हणाले, या क्षणी दोन्ही नाही. प्रशासनाकडे तसा फॉर्म नव्हता. तेव्हा ते तिथून थेट आपल्या जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक जण आता त्यांच्या खुर्चीत होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि साहेब, तक्रार मात्र फॉर्मवरच द्यावी लागेल, असं नम्रपणे सांगितलं. फॉर्म काटेसाहेबांनीच बारा वर्षांपूर्वी तयार केलेला होता. त्यात एकही ओळ सुटू नये म्हणून त्यांनी तेव्हा किती आग्रह धरला होता.

पहिले सात रकाने त्यांनी भराभर भरले. आठवा रकाना होता, 'वजन केलेल्या वस्तूचे वर्णन'. काटेसाहेब पेन हातात धरून बसून राहिले. चहा निवला. समोरच्याने दोनदा विचारलं, की साहेब, काही अडलंय का. शेवटी काटेसाहेबांनी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पत्नी'.

खात्याने तत्परता दाखवली. चारच दिवसांत दवाखान्यातला काटा सील झाला आणि नवा, शिक्का मारलेला काटा आला. त्यावर पहिली उभी राहिली ती काटेसाहेबांची बायको. त्यांनी तिला तसा मान मिळवून दिला होता. काट्याने दाखवलं, एकेचाळीस किलो सहाशे.

जुना काटा चूक होता, यात शंका नव्हती. तो पावणेदोन-दोन किलो जास्त दाखवत होता. इतके दिवस तो खोटा काटा बायकोची बाजू घेत होता आणि काटेसाहेबांनी त्याला सील करवलं होतं. नव्या काट्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. त्याच्या शिक्क्याखाली त्यांच्याच शिष्याची सही होती.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला आत बोलावलं आणि पथ्य काढून टाकण्याचा अर्थ काय होता, तो समजावून सांगितला. काटेसाहेबांनी डायरी काढली नाही. ते फक्त म्हणाले, "सुनेला माहीत आहे का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. "आणि हिला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांनीच आधी मला विचारलं होतं."

म्हणजे घरात फक्त एकच माणूस आनंदात होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी काटेसाहेबांनी फोन घेतला. बायको आत पडून होती. काय मागवावं ते सुचत नव्हतं, म्हणून ते नुसतंच बोट फिरवत बसले. तर एका जागी 'पुन्हा मागवा' अशी यादी दिसली. मुलाची अंडी, सुनेचा पाला, नातीचं दही. आणि त्यांच्याखाली अननसाच्या चकत्यांचा डबा. तीन वर्षांत सत्तेचाळीस वेळा.

घरात अननसाचा डबा काटेसाहेबांनी कधी बघितला नव्हता. कारण त्यांच्या घरात डबाबंद फळांना बंदी होती, आणि ती बंदी खुद्द त्यांचीच होती. नोकरीत असताना त्यांनी एका कारखान्यावर खटला भरला होता, की डब्यावर लिहिलेल्या वजनात निम्मा तर पाकच असतो, पाक निथळून फळाचं वजन वेगळं लिहायला हवं. सहा वर्षं तो खटला चालला. काटेसाहेब जिंकले. तेव्हापासून त्यांच्या लेखी डब्यातलं फळ म्हणजे चोरीचा मुद्देमाल होता.

सुनेला विचारलं, तर ती आधी चपापली. मग लॅपटॉप मिटून तिने सांगितलं. आईंनी कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाला एकदा ते खाल्लं होतं. आवडलं होतं. इथे फोनवर सगळं मिळतं, हे कळल्यावर त्यांनी एकदा हळूच विचारलं, की अननसाचा डबाही मिळतो का गं. तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा, बाबा दुपारी झोपले, की त्या दोघी स्वयंपाकघरात बसून डबा फोडायच्या. पाकसुद्धा पिऊन टाकायच्या. रिकामा डबा ती ऑफिसच्या बॅगेतून बाहेर नेऊन टाकायची.

"तुम्ही खोकलात, की आम्ही दोघी गप्प बसायचो," सून म्हणाली. "हसू यायचं आम्हाला. तसं वाईट नव्हतं हो त्यात काही, बाबा."

काटेसाहेबांनी मान हलवली. वाईट काही नव्हतंच. पण तीन वर्षं भिंतीपलीकडे सत्तेचाळीस मेजवान्या झाल्या आणि ते अलीकडे घोरत होते. जे त्यांना एकेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, ते सुनेला एका दुपारी कळलं होतं, आणि पाठोपाठ त्या फोनलाही.

ते उठले, पायात चपला घातल्या आणि स्वतः जाऊन डबा घेऊन आले. तो फोडायचं हत्यार कसं चालवतात, ते त्यांना माहीत नव्हतं. बोट कापून घेतलं. सुनेने पट्टी लावायला हात पुढे केला, तर ते नको म्हणाले, आणि एका हाताने बोट दाबत दुसऱ्या हाताने त्यांनी एक चकती बशीत काढली. वर चमचाभर पाकही घातला. मग बशी घेऊन ते बायकोच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

तिने बशीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिला सगळं समजलं.

"सुनेला रागावलात का?"

"नाही."

तिने चकतीचा एक छोटा तुकडा तोंडात घेतला. चघळला नाही. नुसता जिभेवर ठेवून डोळे मिटून पडून राहिली. बऱ्याच वेळाने काटेसाहेबांनी विचारलं, "आणि भोपळा?"

"भोपळा मला कधीच आवडला नाही."

हे तिने वेळ सांगावी तसं सांगितलं. त्यात राग नव्हता. काटेसाहेबांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दारातूनच सांगत यायचात, आज कसला भोपळा मिळालाय बघ म्हणून. चप्पलसुद्धा काढायचा नाहीत. मला ते बरं वाटायचं." तिने डोळे उघडले. "भोपळा नाही. तुम्ही तसं येणं. मग करायचे मी भोपळा. आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत हो."

"आता विचारतोय," काटेसाहेब म्हणाले.

"आता भूक नाही राहिली."

बशीतली उरलेली चकती काटेसाहेबांनी तिच्यासमोरच खाल्ली. ती त्यांना गोड लागली, फार गोड. तिने त्यांचं कापलेलं बोट हातात घेतलं आणि साडीच्या पदराने दाबून धरलं.

आठवडाभराने तिला जरा हुशारी वाटली. सकाळी उशीला टेकून बसली असताना ती म्हणाली, की मला एकदा दुकानात जायचंय. काटेसाहेबांना वाटलं, काही हवं असेल. ते म्हणाले, काय पाहिजे ते सांग, मी आणतो. ती म्हणाली, तेच तर नकोय.

"आधी माझे वडील आणायचे," ती म्हणाली. "मग तुम्ही आणलंत. मग त्या फोनने आणलं. मी आयुष्यभर समोर आलं ते निवडलं, चिरलं, शिजवलं. एकदा मला आत जाऊन नुसतं बघायचंय. काय काय असतं ते."

मावशींचं म्हणणं पडलं, की अशा तब्येतीत बाहेर काढणं वेडेपणा आहे. हेडमास्तर म्हणाले, की आधी दुकानाचा नकाशा मिळवावा. काटेसाहेबांनी पहिल्यांदाच कुणाचंच ऐकलं नाही. सुनेने सुट्टी टाकली, चाकांची खुर्ची आणली आणि ती तिघं शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात गेली. दारावरच्या माणसाने खुर्ची आत न्यायची तर जबाबदारीचा एक फॉर्म भरावा लागेल, असं सांगितलं. काटेसाहेबांनी तो न वाचता सही केली. सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

आत गेल्यावर बायकोने त्यांना एकच सांगितलं. तुम्ही मागे राहा. ते तीन पावलं मागे राहिले. खुर्ची सून ढकलत होती आणि बायको हाताने खूण करेल तिथे थांबत होती. ती प्रत्येक कपाटापुढे थांबली. डाळींपुढे थांबली, मिठापुढे थांबली. मीठ सात प्रकारचं असतं, हे वाचून तिला फार नवल वाटलं. एका बाटलीत हिरवी गोल फळं होती, त्यांचं नाव तिघांपैकी कुणालाच वाचता आलं नाही. ती बाटली तिने घेतली. मग परत ठेवली. पुढे जाऊन पुन्हा मागे वळवायला सांगितलं आणि घेतली. नासपतीच्या ढिगातून तिने एकच नासपती निवडली, आणि ती निवडायला पाव तास घेतला. वास घेतला, दाबून बघितली, गालाला लावली. काटेसाहेबांचे हात शिवशिवत होते. तिने उचललेल्या नासपतीपेक्षा डावीकडची चांगली होती. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

एका चीजच्या पाकिटावरची तारीख तिने डोळ्यांजवळ नेऊन वाचली. ती सहा महिन्यांनंतरची होती. "हे माझ्याहून जास्त टिकणार," ती सुनेला म्हणाली आणि हसली. सुनेने तोंड फिरवलं. बायकोने ते पाकीटही मांडीवर घेतलं.

यानंतर ती एकोणीस दिवस होती. त्या दिवशी घेतलेल्यातलं तिने नासपतीची एक फोड आणि त्या हिरव्या फळाचा एक चावा, एवढंच खाल्लं. तो चावाही तिने थुंकून टाकला. हे मात्र अजिबात आवडलं नाही, असं तिने सगळ्यांसमोर, अगदी स्पष्ट सांगितलं, आणि दिवसभर ती खूश होती. पण हे पुढचं झालं. त्या सकाळी ती दीड तास दुकानात फिरली आणि शेवटी मांडी भरली, तेव्हा सुनेने खुर्ची काउंटरकडे वळवली.

काउंटरवरच्या मुलीने एकेक वस्तू यंत्रासमोर धरली. मागे रांग वाढत होती. सगळं पिशवीत गेल्यावर मुलीने खुर्चीच्या वरून काटेसाहेबांकडे बघितलं आणि विचारलं, "काका, अजून काही हवंय?"

"मला नका विचारू," काटेसाहेब म्हणाले. "यांना विचारा."

मुलगी काउंटरवरून थोडी पुढे वाकली आणि तिने पुन्हा विचारलं. बायकोने मान वळवून त्या लांबच लांब कपाटांकडे बघितलं आणि ती विचार करायला लागली. रांगेतल्या कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी घसा खाकरला. काटेसाहेब रांगेकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "जरा वेळ लागेल. ती ठरवते आहे."